साडेदहाला कुणीतरी वाट बघत होतं

२०१९ मध्ये मला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं. गोळ्यांनी सहा महिन्यांत कानातले आवाज जवळजवळ थांबले. पण मी दुपारी बारापर्यंत झोपायचो, आंघोळ तीन-तीन दिवस टळायची. "आधी पूर्ण बरा हो, मग कामाचं बघू," घरचे मायेनंच म्हणायचे. त्यात दोन वर्षं गेली.

डॉक्टरांनी समजावलं, आवाज आणि संशय गोळ्यांनी आटोक्यात येतात. काही करावंसंच न वाटणं, माणसं टाळणं यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी पुनर्वसन केंद्रात पाठवलं.

तिथं पहिलं काम कागदी पिशव्यांचं. औषधानं हात थरथरायचे, कडेला कड जुळायची नाही, खळ मनगटापर्यंत यायची. ताई म्हणाल्या, "आज पाचच करा. पण पाच पुऱ्या करा." पाच पिशव्यांना पावणेदोन तास लागले. महिन्याभरानं दिवसाला चाळीस व्हायला लागल्या. मला त्या पिशव्यांहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की साडेदहाला तिथं कुणीतरी माझी वाट बघत होतं. उशीर झाला की फोन यायचा. सकाळची गुंगी उतरावी म्हणून डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी दहाऐवजी आठला घ्यायला लागलो. कामाला जायचं नसतं तर हे मी विचारलंच नसतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. प्रमाणपत्रासाठी तपासणी झाली तेव्हा आजार किती वर्षांचा हे विचारलं आणि चार गोष्टी पाहिल्या: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. म्हणजे काम नसणं हाही आजाराच्या मोजमापाचा भाग आहे. मग ते बरं होण्याच्या शेवटी कसं ठेवायचं?

पहिली नोकरी आजार लपवून धरली. चार महिन्यांनी कुणीतरी गोळ्यांची पट्टी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले. ते अजून सलतं.

दुसऱ्यांदा पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या पुस्तक-बायंडिंगच्या कारखान्यात गेलो, तेव्हा मालकांना आधीच सगळं सांगितलं. केंद्रातल्या ताई सोबत होत्या. वेळ अकरा ते पाच ठरली, कटिंग मशीनवर बसवायचं नाही असंही ठरलं. फर्मे, म्हणजे पुस्तकाची पानं छापलेले मोठे कागद, दुमडायचे, क्रमानं लावायचे, शिवायचे. सोळा पानांचा फर्मा घडीवर घडी घालून बरोबर बसला की अंगठ्याखाली कळतं.

गेल्या वर्षी आवाज पुन्हा कुजबुजायला लागले. मी त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मालकांना सांगितलं. गोळी वाढवली. मालक म्हणाले, "अर्धा दिवस या, नुसते फर्मे दुमडा, पण येत राहा." गेलो. पंधराव्या दिवशी परत शिलाईला बसलो.