आता प्रकाशाचा सेन्सर आलाय, मग सेलची कटकट संपली ना?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारे दोन जातकुळींचे. एक रिब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वासच शुद्ध करून, ऑक्सिजन घालून पुन्हा देणारं यंत्र, पाठीला लावून पाण्याखाली जाणारे, दुसरे व्हेंटिलेटर आणि भुलेच्या मशिनची देखभाल करणारे. रडगाणं दोघांचं एकच: ऑक्सिजन मोजणारा सेल वर्ष-दीड वर्षात मरतो आणि मरताना सांगून मरत नाही. पुढचं वाक्यही ठरलेलं, "आता म्हणे प्रकाशानं मोजणारा सेन्सर मिळतो. तो बसवला की विषय संपला ना?"

श्वासाच्या गॅसची मोजणी यंत्रं तपासून, जुळवून देणं हे माझं काम. एरवी मी "विषय संपत नाही, बदलतो" एवढं सांगून मोकळी होते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी बैठक मारून लिहिते.

सुरुवात जुन्या सेलपासून करते, कारण त्याची खोड कळल्याशिवाय नव्याचं मोल कळत नाही. हा सेल म्हणजे एक छोटी बॅटरीच. आत शिशाचा एक ध्रुव, बहुतेकदा सोन्याचा मुलामा दिलेला दुसरा, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन झिरपतो, शिसं झिजतं, आणि जेवढा ऑक्सिजन आत येईल तेवढा प्रवाह बाहेर पडतो. साध्या हवेत, म्हणजे ०.२१ बार आंशिक दाबाला (हवेच्या साधारण एक बार दाबातला ऑक्सिजनचा वाटा), सेल १० मिलिव्होल्ट देत असेल तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये १ बारला त्यानं साधारण ४८ द्यायला हवेत आणि १.६ बारला ७६. सरळ रेषा. हिशोब तोंडी होतो, म्हणून इतकी वर्षं सगळ्यांचा लाडका.

खोड अशी की हा सेल म्हातारा झाला तरी हवेत तरुणच दिसतो. थकलेला बैल सपाटीवर नेहमीसारखा चालतो आणि चढाला बसकण मारतो, तसं. शिसं संपत आलं की ठरावीक मर्यादेपलीकडे त्याला प्रवाह देताच येत नाही. त्या मर्यादेच्या खाली मात्र त्याचं वागणं अगदी सज्जन. एकदा एक जण माझ्याकडे तीन सेल घेऊन आला. तिन्ही हवेत नेमके २१ दाखवत होते, शुद्ध ऑक्सिजनमध्येही शंभराच्या जवळ. मी ते दाबाच्या भांड्यात घालून १.६ बारला नेले. एक ७५ मिलिव्होल्टवर गेला. उरलेले दोन ५५ पाशी अडकले, म्हणजे खरा दाब १.६ असताना ते दोघं छातीठोकपणे १.१५ सांगत होते. आता हा माणूस पाण्याखाली असता तर? रिब्रीदरचा मेंदू तीन सेलचं बहुमत घेतो. दोघांचं जमतं, तिसरा वेगळं बोलतो, म्हणून तिसऱ्याला बाजूला काढतो. ठरवलेला दाब १.३ असेल तर १.१५ बघून यंत्र ऑक्सिजन सोडत राहतं. आकडा वर सरकत नाही, म्हणून आणखी सोडतं. जास्त दाबाच्या ऑक्सिजननं झटके येतात हे पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातलं नळकांडं सुटणं. त्या तिघांत खरं बोलणारा एकटाच होता आणि लोकशाहीनं त्यालाच गप्प केलं असतं. खोटं बोलणारे दोघं एकाच खोक्यातून, एकाच दिवशी घेतलेले. एकत्र जन्मले, एकत्र थकले.

आता प्रकाशाकडे येते. यात एका पातळ थरात रंगद्रव्य बसवलेलं असतं. कुठे रुथेनियमचं संयुग, कुठे प्लॅटिनम किंवा पॅलेडियम मध्यभागी असलेलं पॉर्फिरिन. त्यावर निळा किंवा लाल प्रकाश मारला की रेणू थोडी ऊर्जा उसनी घेतो आणि काही मायक्रोसेकंदांनी ती स्वतःच्या, जरा जास्त लांब तरंगाच्या प्रकाशात परत करतो. भरलेली घागर डोक्यावर घेऊन निघाल्यासारखं. रस्ता मोकळा असेल तर घागर घरापर्यंत पोचते. गर्दीत कुणाचा धक्का लागला की वाटेतच सांडते. इथे धक्का देणारा ऑक्सिजन. गर्दी जितकी दाट तितकी घागर लवकर सांडते, चमक तितकी लवकर विझते. याचं गणित ओटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडलं. ऑक्सिजनच्या हातून चमक कशी विझते याचे मुळातले प्रयोग हान्स काउट्स्की यांनी १९३० च्या दशकात केले.

धक्का ऑक्सिजनच का देतो, नायट्रोजन का नाही, हा मला या सगळ्यातला सर्वांत गोड भाग वाटतो. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीशिवाय एकटे असतात. रंगद्रव्याच्या उत्तेजित रेणूचीही अवस्था तशीच, म्हणून दोघांचं पटकन जमतं आणि ऊर्जा हस्तांतरित होते. नायट्रोजन, हेलियम, कार्बन डायऑक्साइड शेजारून निघून जातात, त्यांना त्या घागरीशी देणंघेणं नसतं. या एकट्या इलेक्ट्रॉनांमुळेच ऑक्सिजन चुंबकाकडे ओढलाही जातो. त्याच गुणावर लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये पाणबुडी नौकांसाठी ऑक्सिजन मीटर बनवला होता. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये बारीक तंतूवर टांगलेलं काचेचं इवलंसं डंबेल, त्याला आरसा, आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका. ऑक्सिजन वाढला की डंबेल वळतं, ठिपका सरकतो. पुढे हे मीटर नवजात बाळांच्या पेट्यांमध्येही वापरले गेले. भुलेच्या चांगल्या मॉनिटरमध्ये चुंबकीय पद्धत आजही आहे, आणि एका श्वासातला चढउतार टिपायचा तर ती फार चपळ.

चमक मोजायची कशी? तेज मोजणं सोपं, पण त्यात फसगत आहे. थर घासला गेला, दिवा मंदावला, भिंगावर बाष्प बसलं की तेज उतरतं, आणि यंत्राला वाटतं ऑक्सिजन वाढला. म्हणून शहाणे सेन्सर चमक किती तेज आहे ते बघत नाहीत, किती वेळ टिकते ते बघतात. दिवा ठरावीक लयीत लुकलुकवायचा आणि चमक त्या लयीच्या किती मागे पडते तो कोन मोजायचा. थरातलं निम्मं रंगद्रव्य मेलं तरी उरलेलं तेवढाच वेळ चमकतं. तेज मात्र निम्मं होतं, आणि ते यंत्राला वेगळं दिसतं.

माझ्या मते या सेन्सरची खरी किंमत इथे आहे. टिकाऊपणाच्या जाहिराती मी बाजूला ठेवते. हा सेन्सर म्हातारा होतो तेव्हा त्याचा आवाज, म्हणजे तेज, बसतो, आणि आवाज बसल्याचं आकड्यात दिसतं. शिशाच्या सेलकडे असं काही सांगायला जागाच नव्हती.

दुसरा फायदा पाण्याच्या थेंबाचा. रिब्रीदरमध्ये काय, व्हेंटिलेटरच्या नळ्यांमध्ये काय, दमट हवा सेन्सरवर घाम आणतेच. शिशाचा सेल ऑक्सिजन खातो. पडद्यावर थेंब बसला की रसद अडते आणि थेंब असेपर्यंत आकडा कमीच राहतो. प्रकाशाचा सेन्सर ऑक्सिजन खात नाही, फक्त बघतो. त्यामुळे थेंबाखालीही आकडा शेवटी बरोबर जागी येतो. "शेवटी" हा शब्द मात्र विसरू नका. पाण्यातून ऑक्सिजन सावकाश सरकतो, तोवर सेन्सर मघाचीच बातमी वाचून दाखवत असतो. थिजलेला आकडा स्थिर आकड्यासारखाच दिसतो, आणि याला मी चुकलेल्या आकड्यापेक्षा जास्त घाबरते.

आता दुखरी बाजू. जुन्या सेलची सरळ रेषा इथे नाही. उदाहरणासाठी एक रंगद्रव्य धरा: ऑक्सिजन नसताना ६० मायक्रोसेकंद चमकणारं, साध्या हवेत २०. म्हणजे शून्यापासून हवेपर्यंत ४० मायक्रोसेकंदांचा उतार. आता १.४ बारला जा, चमक ४.२ वर येते. १.६ बारला ३.७. पाणबुड्याच्या जिवाचा प्रश्न जिथे आहे तिथे हातात उरतो अर्ध्या मायक्रोसेकंदाचा फरक. दिवा सेकंदाला ४००० वेळा लुकलुकत असेल तर कोनात हा फरक सुमारे ०.७ अंश. मोजता येतो, पण इलेक्ट्रॉनिक्स नीटनेटकं हवं. म्हणून जास्त दाबासाठी मुद्दाम कमी हळवं रंगद्रव्य किंवा ऑक्सिजनला कमी वाट देणारा थर निवडतात. कमी ऑक्सिजन ओळखायला, म्हणजे गुदमरण्याच्या बाजूला, प्रकाशाचा सेन्सर मुळातच तरबेज. वरच्या टोकाला त्याच्याकडून काम करून घ्यावं लागतं. म्हणून हवेत २१ आला की खूश होऊ नका, हे मी दोन्ही प्रकारांसाठी सांगते. जिथे वापरायचा तिथे तपासा.

तापमानाचंही असंच. गरम झालं की चमक आपोआप लवकर विझते आणि यंत्राला ऑक्सिजन वाढल्याचा भास होतो. जुना सेलही तापमानाला बदलतो, पण इथे तापमान थराला चिकटूनच मोजायला हवं. रिब्रीदरमधला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषताना तापतो, बाहेर पाणी गार, आणि सेन्सर मध्ये कुठेतरी. तापमापक चार बोटं लांब असेल तर तो भलत्याच जागेची दुरुस्ती करत बसतो.

आणि हो, थरावर ॲसिटोनसारखा द्रावक लावून पुसू नका. पॉलिमर फुगतो आणि सगळं जुळवलेलं गणित विसकटतं. असा पुसलेला एक सेन्सर मी पाहिलाय. पुसणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता.

रंगद्रव्याचं मरण वेगळ्या कारणानं येतं, तेही सांगून टाकते. ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेला ऑक्सिजन तापट होतो आणि आसपासच्या रंगद्रव्यावरच हल्ला करतो. म्हणजे प्रत्येक मोजणी थोडं आयुष्य खाते. शिशाचा सेल पिशवी फोडली की कपाटात पडूनही झिजतो. हा मुख्यतः दिवा लागला की झिजतो. त्यामुळे "किती वर्षं टिकतो?" या प्रश्नाला उलटा प्रश्न: तुमचं यंत्र सेकंदाला किती वेळा, किती तेज दिवा मारतं?

एक गैरसमज इथेच खोडते, कारण दर चौथा माणूस विचारतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही प्रकाशावर चालतो, पण त्याचं आणि याचं काही नातं नाही. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ती युक्ती रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रंग बघते, लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांत. नळीतल्या गॅसमध्ये किती ऑक्सिजन आहे हे तिला ठाऊक नसतं. गॅस बिघडला की बोटाला ते काही वेळानं कळतं. नळीतल्या सेन्सरनं ते आधी सांगायचं असतं. ऑक्सिजन जास्त झाल्याचं तर बोट जवळजवळ सांगतच नाही, शंभराच्या पुढे त्याला आकडाच नाही.

खरोखर फक्त प्रकाशानं, रंगद्रव्याशिवायही ऑक्सिजन मोजता येतो. सूर्याच्या वर्णपटात ७६० नॅनोमीटरजवळ एक काळी रेघ दिसते, तिला ए हे नाव फ्राउनहोफर यांनी दिलं. ती रेघ सूर्यातली नाही, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजननं ओढलेली आहे. त्या तरंगावर लेसर बारीक सरकवत नेला की किती प्रकाश गिळला गेला त्यावरून ऑक्सिजन कळतो. रेघ फिकी असल्यामुळे प्रकाशाला लांबचा रस्ता लागतो किंवा कसबी इलेक्ट्रॉनिक्स.

कुठलाही सेन्सर घेतला तरी एका गोष्टीवरून माझ्याकडे तक्रारी येतातच. "कोरड्या हवेत २०.९ दाखवतो, पेशंटच्या नळीत हवाच सोडली तर १९.७, खराब झालाय." खराब झालेला नाही. तो टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजतो. ३७ अंशांची पूर्ण दमट हवा असेल तर हवेच्या ७६० मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबापैकी ४७ वाफेनं अडवलेले असतात. उरलेल्यातले २०.९५ टक्के काढा, ते ७६० च्या बरोबर १९.७ टक्के भरतात. उंच डोंगरावर नेलात आणि पुन्हा जुळवला नाहीत तर आणखी कमी दाखवेल, आणि तेही खरंच असेल.

तर, बदलू का सेल? व्हेंटिलेटरवाल्यांना माझं उत्तर सोपं आहे. बनवणाऱ्यानं त्या मशिनसाठी प्रकाशाचा सेन्सर मान्य केला असेल तर जरूर बदला, नसेल तर जुगाड करू नका. बाहेरून जोडलेला सेन्सर सेलसारखे मिलिव्होल्ट सोडत असेल तरी मशिनला त्याचा बसलेला आवाज ऐकू येत नाही, म्हणजे सगळ्यांत मोठा फायदा दारातच राहिला.

पाण्याखालच्यांना मी तिन्ही बदला असं म्हणत नाही. तीन प्रकाशाचे सेन्सर एकाच खोक्यातून आले की आपण पुन्हा त्या दोन भावांच्या गोष्टीत शिरतो. माझ्या स्वतःच्या यंत्रात दोन शिशाचे आहेत, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेले, आणि एक प्रकाशाचा. ते एकमेकांसारखे मरत नाहीत. दर वेळी उतरण्याआधी प्रकाशाच्या सेन्सरचं तेज वहीत लिहिते, शिशाच्यांचे हवेतले आणि ऑक्सिजनमधले मिलिव्होल्ट लिहिते. ६ मीटरवर एकदा शुद्ध ऑक्सिजन भरून तिघांनाही १.६ म्हणायला लावते. खाली तिघांत मतभेद झाला तर ज्याची रचना मला ठाऊक आहे तो गॅस नळीत सोडते आणि कोण त्याच्याशी जुळतं ते बघते. दोनदा सोडूनही उलगडलं नाही तर सुटी टाकी तोंडात घेते आणि वर येते. कोण खरं बोलत होतं ते घरी, दाबाच्या भांड्यात.