सुरात न बसणारा षड्ज

मैफिलींची ध्वनिव्यवस्था सांभाळणे हे माझे काम असल्यामुळे संगीत मला बहुतेक वेळा रसिकांच्या आधी ऐकायला मिळते: रिकाम्या सभागृहात, वाद्ये लागत असताना, कलावंत स्वतःशीच दोन-चार स्वर घोळवत असताना. माझ्या मते मैफिलीतला हा भाग कानाला सर्वांत जास्त शिकवतो, आणि तोच श्रोत्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून रुद्रवीणेच्या एका कार्यक्रमाच्या दिवशी मी माझ्या एका मित्राला दुपारीच सभागृहावर बोलावून घेतले. हा मित्र वर्षानुवर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, त्याचा कान तयार आहे, आणि नवे काही हाती लागले की ते एकमेकांना ऐकवल्याशिवाय आम्हा दोघांनाही चैन पडत नाही. रुद्रवीणेपाशी मात्र आमचे गाडे अडले होते. मी पाठवलेले आलाप त्याने फोनवर मनापासून ऐकले होते आणि दर वेळी तो एवढेच म्हणत असे, "छान आहे, पण मला आत शिरता येत नाही."

यात त्याच्या रसिकतेला बोल लावण्यासारखे काही नव्हते. रुद्रवीणा हे खर्जाचे, म्हणजे खालच्या स्वरांचे, वाद्य आहे, आणि विसाव्या शतकात झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) यांनी भोपळे मोठे करून, तारा जाड करून आणि मिजराब (छेडण्यासाठी बोटात घालायची नखी) बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी छेडत तिचा नाद आणखी खोल आणि दीर्घ केला. फोनचा इवलासा स्पीकर 200 हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ पोहोचवतच नाही. तरीही स्वर ओळखू येतो, कारण मूळ नादाबरोबर उमटणाऱ्या वरच्या सहायक नादांवरून मेंदू गळालेला मूळ नाद आपला आपणच भरून काढतो. स्वर कोणता हे कळते, पण त्याचे वजन छातीपर्यंत येत नाही. आणि आलापीत तर एकेका स्वराचे वजन हेच सर्वस्व असते.

त्या दुपारी वीणावादक रंगमंचावर बसले, तानपुरे लागले आणि वीणेच्या तारा जुळवायला सुरुवात झाली. त्यांचा षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', 103 हर्ट्झच्या आसपास होता. बराच वेळ गेला तरी षड्जाची तार काही लागेना. ते खुंटी किंचित पिळत, तार छेडत, कान लावत आणि पुन्हा खुंटीकडे हात नेत. शेवटी त्यांनी वीणा खांद्यावरून उतरवली आणि मला खूण करून जवळ बोलावले.

"इथे आधीपासूनच कुणीतरी सूर धरून बसलंय," ते म्हणाले. "तानपुऱ्याशी तार जुळते, पण आवाज हलतो. ऐका."

त्यांनी तार छेडली. नाद सरळ न वाहता सेकंदाला साधारण तीन वेळा फुगत आणि ओसरत होता. कंपनसंख्येने अगदी जवळचे दोन नाद एकत्र आले की असे ठोके ऐकू येतात, आणि एका सेकंदातल्या ठोक्यांची संख्या म्हणजे त्या दोन कंपनसंख्यांमधला फरक. तानपुरे जुळलेले होते, म्हणजे दुसरा नाद 100 किंवा 106 हर्ट्झचा असणार. आणि 100 हर्ट्झ म्हटले की आमच्या व्यवसायातल्या माणसाला पहिल्यांदा वीज आठवते.

मी सर्वप्रथम सगळी यंत्रणा बंद करायला लावली. स्पीकर, मिक्सर, मायक्रोफोन, सगळे निपचित झाले, तरी तारेतले ठोके थांबले नाहीत. याचा अर्थ दोष वायरींमध्ये किंवा अर्थिंगमध्ये नव्हता. तो नाद सभागृहाच्या हवेतच होता. मग वातानुकूलन बंद केले. त्याने इतका वेळ झाकून ठेवलेली गुणगुण आता थोडी उघडी पडली, पण ती येते कुठून हे सांगता येईना, कारण इतक्या खालच्या नादाची दिशा बंद सभागृहात कानाला सहज पकडता येत नाही. अशा वेळी मी कानावरचा भार हातावर देतो. मित्राला मी रंगमंचाच्या एका टोकाला पाठवले, दुसऱ्या टोकाला मी बसलो, आणि आम्ही दोघे फळ्यांवर तळवे टेकवत विंगेच्या दिशेने सरकू लागलो.

त्यालाच ती जागा सापडली. "अरे, इथे लाकूड थरथरतंय," तो ओरडला. डाव्या विंगेत, काळ्या पडद्याच्या मागे, दिव्यांसाठी बसवलेला एक जुना, जड ट्रान्सफॉर्मर थेट फळ्यांवर ठेवलेला होता. 50 हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा सूक्ष्मपणे ताणला जातो आणि सैल होतो, म्हणून त्याची गुणगुण 100 हर्ट्झची असते. एरवी ती क्षीणच असते. येथे मात्र पोकळीवर ठोकलेला लाकडी रंगमंच तानपुऱ्याच्या तबलीचे काम करत होता आणि ती गुणगुण सगळ्या सभागृहात पोहोचवत होता.

आयोजकांपैकी एकाने मधल्या मध्ये एक तोड सुचवली: वीणेचा षड्जच थोडा उतरवून 100 वर आणावा, म्हणजे भांडणच मिटेल. वीणावादकांनी शांतपणे नकार दिला आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते. जाड तारा एका ताणावर स्थिरावायला वेळ घेतात; शिवाय विजेची कंपनसंख्या पुरवठ्यावरच्या भारानुसार किंचित वर-खाली होत राहते, त्यामुळे आज जुळवलेला षड्ज अर्ध्या तासाने पुन्हा हलू लागला असता. आम्ही चौघांनी मिळून तो ट्रान्सफॉर्मर उचलला, विंगेच्या मागच्या सिमेंटच्या जमिनीवर नेला आणि खाली जाड रबराचे तुकडे दिले. केबल वाढवून घेण्यात बराच वेळ गेला, ते असो.

त्यानंतर वीणावादकांनी तीच तार पुन्हा छेडली. नाद उमटला, सरळ गेला आणि कितीतरी वेळ तसाच जात राहिला. मित्र माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. तो रंगमंचाच्या पायरीवर बसला आणि तारा लागून होईपर्यंत तेथून हलला नाही.

मला त्या दिवसातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही. ठोके ऐकण्याची सवय त्याला होतीच, कारण गिटारच्या दोन तारा जुळवताना तोही ठोके मंदावत मंदावत थांबेपर्यंत खुंटी फिरवतो. रुद्रवीणेत शिरायचे दार त्याच्याकडे पूर्वीपासून होते, फक्त ते कोठे उघडते हे मी पाठवलेल्या कोणत्याही ध्वनिमुद्रणातून त्याला दिसले नव्हते. रागाचे नाव, घराणे, परंपरा यांबद्दल मी त्याला पूर्वी पुष्कळ सांगितले होते. त्या दुपारी मी त्यांतले एक अक्षरही काढले नाही. एवढेच सांगितले की, कार्यक्रम सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे वीणेकडे दुर्लक्ष कर आणि फक्त तानपुरा ऐक.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत कान मुरला की तिच्यातून शुद्ध गंधार, म्हणजे 'ग', स्वच्छ ऐकू येऊ लागतो, कोणी तो वाजवलेला नसताना. तारेच्या पाचव्या सहायक नादातून हा स्वयंभू गंधार निघतो आणि घोडीचा रुंद, किंचित उतरता माथा व तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तो ठळक होतो. तार जेथे छेडावी तेथे निष्पंद बिंदू (कंप न पावणारी जागा) असणारे सहायक नाद उमटू नयेत, असा सर्वसाधारण तारेचा नियम आहे. तानपुऱ्यात मात्र तेही उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदवले होते.

संध्याकाळी यमन होता. मित्राला मी मिक्सरच्या शेजारी बसवले होते. आलाप मंद्र सप्तकात रेंगाळत होता. एकेक स्वर येई, तार पडद्यावर आडवी ओढली जाऊन मींड पुढच्या स्वरापर्यंत जाई आणि तेथे पोहोचण्याआधी थोडी थबके. भरलेल्या सभागृहात माणसांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषून घेतात, त्यामुळे दुपारी लांबत जाणारा प्रतिध्वनी आता आटोपशीर झाला होता आणि मला एक-दोन फिल्टर सोडून काहीही हलवावे लागले नाही. वीणेवर गंधार आला तेव्हा तो तानपुऱ्यातल्या गंधारावर असा नेमका बसला की दोन्ही मिळून एकच नाद झाला. मित्राने माझ्या दंडाला धरून हळूच विचारले, "हा गंधार माझ्या गिटारपेक्षा उतरलेला आहे ना?"

होय, तो उतरलेलाच होता. सप्तकाचे बारा समान भाग करून गिटारचे पडदे बसवलेले असतात, त्यामुळे त्यातला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातले चौदा भाग, चढा असतो. हे आकडे मी त्याला पूर्वी कधी सांगितले असते तर त्याने मान डोलावली असती. त्या रात्री त्याने तो फरक स्वतः ऐकला, तोही जिवंत वाद्यात, आणि मध्यंतरात तो त्याच्याबद्दल इतके बोलत राहिला की चौतालाची बंदिश सुरू होत असल्याची घोषणा आम्हाला ऐकू आली नाही. पखवाजाची पहिली थाप पडली तेव्हाच तो गप्प झाला.

पुढची गोष्ट त्याच्याकडून माझ्याकडे आली. काही दिवसांनी त्याने मला ला माँट यंग या अमेरिकी संगीतकाराची रचना ऐकायला आणली. या वेळी पाठवली नाही, घरी बोलावून चांगल्या स्पीकरवर ऐकवली. यंग यांचा जन्म 1935 चा, आणि लहानपणी ऐकलेली विजेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आपल्या संगीताच्या मुळाशी आहे, असे ते सांगत आले आहेत. तेथे वीज 60 हर्ट्झची, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या आपल्या नादरचनांचा षड्ज त्यांनी त्या कंपनसंख्येशी जुळवून घेतला. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ (1918–1996) 1970 मध्ये अमेरिकेत गेल्यावर यंग त्यांचे शिष्य झाले आणि तानपुरा धरून त्यांच्या मागे बसले. ज्या आवाजाला मी फळ्यांवर तळवे टेकवून हुसकून लावले होते, त्यावर कोणी आपले संगीत उभे केले आहे, हे ऐकताना मला विलक्षण आनंद झाला. ती रचना मला दुसऱ्या दिवशीही सोडेना. त्यातले ठोके मुद्दाम ठेवलेले होते, आणि मी इतकी वर्षे ठोके घालवण्यासाठीच ऐकत आलो होतो.

आता आमच्या मंडळींत चार-पाच जण आणखी आले आहेत. शक्य असेल तेथे मी कलावंतांची परवानगी घेऊन त्यांना वाद्ये लागत असतानाच सभागृहात आणतो. कलावंत सहसा नाही म्हणत नाहीत. एकच अट घालतात की कोणी बोलायचे नाही. पुढचा कार्यक्रम सारंगीचा आहे. तिच्या तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, पस्तीसच्या आसपास तारा एकेक करून लावताना ज्या स्वराची तार नसेल तो स्वर वाजवल्यावर वाद्य किती कमी बोलते, हे या मंडळींना ऐकवायचे आहे, म्हणून मी त्यांना ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी बोलावले आहे.