बाईंनी सांगितलेला काझुओ

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला आणि पहिल्यांदा आठवल्या त्या इतिहासाच्या बाई. नाव लिहायची गरजच नाही, आपल्याकडे बाई म्हटलं की त्याच.

१९८८ ला आम्ही नववीत होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं त्याबद्दल अमेरिकेने माफी मागितली, तशा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगननी सही केली, ती बातमी वाचून बाईंनी पुस्तक मिटलं आणि काझुओ मासुदा सांगायला घेतला. कॅलिफोर्नियात टॅल्बर्टला शेती करणाऱ्या जपानी माणसाचा मुलगा. बापाला तिथलं नागरिकत्व मिळणं कायद्यानेच बंद, पोरगा तिथे जन्मला म्हणून नागरिक. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच्या आधीच तो अमेरिकेच्या सैन्यात गेलेला. नंतर बापाला एफबीआयने उचललं, घरच्यांना आर्कान्सातल्या जेरोम छावणीत पाठवलं, अशी सुमारे १,२०,००० माणसं कुंपणाआड, आणि हा जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून त्याच देशासाठी इटलीत लढतोय!

जुलै १९४४ मध्ये तो गोळीबारातून २०० यार्ड सरपटत जाऊन उखळी तोफेची नळी आणि गोळे ओढत घेऊन आला, बैठक म्हणून डोक्यावरचं हेल्मेट लावलं आणि एकट्याने १२ तास तोफ चालवली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, बाई, हेल्मेटवर तोफ राहील कशी? झालं, बाईंनी सगळा वर्ग बाहेर काढला. नव्या हॉलचं बांधकाम चालू होतं, गवंडीमामांकडून घमेलं आणि पाइपचा तुकडा मागून घेतला, स्वतः खाली बसून घमेलं मातीत दाबलं, त्यात पाइप उभा केला आणि आम्हाला एकेकाला वरून जोर लावायला सांगितलं. पदर सिमेंटने भरला, पुढच्या तासाची घंटा होऊन गेली, त्यांचं लक्षच नाही. असा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

२७ ऑगस्ट १९४४ ला आर्नो नदीकाठी रात्रीच्या गस्तीवर शत्रूने दोन्हीकडून घेरलं तेव्हा काझुओने आपल्या माणसांना पडून राहायला सांगितलं आणि एकटा पुढे गेला, तिथेच मारला गेला. २५ वर्षांचा होता. बहीण मेरी घरी परतली तर गावातले लोक तिला धमकवायला आले. डिसेंबर १९४५ मध्ये जनरल स्टिलवेलनी त्याच घराच्या ओसरीवर भावाचं पदक तिच्या छातीवर लावलं, त्या दिवशीच्या सभेत हेच रेगन, तेव्हा कॅप्टन, बोलले होते. तरी १९४८ ला त्याचं शव आलं तेव्हा दफनभूमीत चांगली जागा द्यायलाही आधी नकारच. हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा.

मीही ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचाच पोरगा, आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत असतो. टॅल्बर्टचं आता फाउंटन व्हॅली झालंय आणि तिथल्या मिडल स्कूलला काझुओ मासुदाचं नाव आहे. पहिल्यांदा ती पाटी दिसली तेव्हा गाडी बाजूला घेऊन बाईंना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन, पहिला प्रश्न, मेरीबद्दल शिकवतात का रे तिथे?

हल्ली इतिहासाचा तास म्हणजे नोट्स आणि वर्कशीट, फार वाईट वाटतं. ग्रंथालयात बाईंच्या नावाने इतिहासाचं एक कपाट व्हावं, खर्च मी देतो, आपल्या बॅचमधल्या कोणीतरी पुस्तकांची यादी करायला घ्या, बाईंना विचारूनच करा.