म्हसवडला बचत गट पाहायला जाताना

साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत एसटी म्हसवडला पोचते. हाच रस्ता पुढे पंढरपूरकडे जातो, म्हणून आषाढीच्या दिवसांत बेत आखू नका. मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा असते. तेव्हाही गटांना सवड नसते.

चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी 1997 साली उभी केलेली माणदेशी महिला सहकारी बँक इथलीच. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला होता. बायका अक्षरं शिकून परत गेल्या, आणि व्याज तोंडी काढून दाखवतो म्हणाल्या. तोंडी हिशेब पक्का, कागद कच्चा. गटांत गेलात तर हे ध्यानात ठेवा आणि भाषणांआधी वह्या मागा: इतिवृत्त, रोकडवही, कर्ज खातावही.

समजा बारा जणी, महिना शंभर रुपये. दहा महिन्यांत बचत 12,000. त्यातून एकीला 10,000 दिले, व्याज महिना दोन टक्के, हजाराचे दहा हप्ते. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर ते एकूण 1,100 होतं. मूळ रकमेवरच धरत राहिलं तर 2,000. दर दोन्हीकडे तोच सांगतात! खातावहीत दुसऱ्या महिन्याचं व्याज 180 आहे की 200, एवढं पाहिलं की उलगडा होतो. इतिवृत्तावरच्या सगळ्या सह्या एकाच वळणाच्या असतील तर सभा झालीच नाही असं समजा.

शेळीसाठी घेतलेलं कर्ज असेल तर हप्ता कधी सुरू झाला ते विचारा. गाभणकाळ पाच महिने, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ. पहिल्या महिन्यापासून हप्ता असेल तर तो शेळी नव्हे, बाईची खुरपणीची मजुरी फेडते. गट बुडतात ते बहुधा इथेच, आणि दोष मात्र बाईच्या ‘बेशिस्तीला’ लागतो. माणदेशीनं बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं आहे. त्यांच्यासोबत फिरायला मिळालं तर सोडू नका. शेळी माजावर आल्यावर साधारण 12 तासांनी रेतन करतात. निरोप उशिरा आला तर फेरी फुकट जाते आणि पुढच्या माजासाठी तीन आठवडे थांबावं लागतं.

पासबुक कुठे ठेवता, हे घरच्या पुरुषांसमोर विचारू नका. सभा शेतातून आल्यावर, रात्रीच भरते. परतीची एसटी तेव्हा नसते, म्हणून मुक्काम आधी ठरवा. दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव कसं लावतात ते पाहून घ्या, म्हणजे रात्री विचारायला काहीतरी नेमकं असेल.