राजाच्या मुलीला वेडी ठरवलं तेव्हा

दोन दिवस झाले, बेल्जियमची लुईझ डोक्यातून जातच नाहीये. राजा लिओपोल्ड दुसरा, त्याची मोठी मुलगी. 1875 ला, सतराही पूर्ण नव्हती, तेव्हा तिचं लग्न लावलं 14 वर्षांनी मोठ्या नात्यातल्याच, जर्मन राजघराण्यातल्या प्रिन्स फिलिपशी, आणि पहिल्याच रात्री ती घाबरून राजवाड्याच्या बागेतल्या काचघरात जाऊन लपली. पोरच होती हो ती!

पुढे गेझा माताचिच नावाच्या लेफ्टनंटवर जीव जडला, व्हिएन्नात बोभाटा झाला, 1898 ला नवरा आणि प्रियकर यांचं द्वंद्वयुद्धसुद्धा झालं. मग लुईझच्या बहिणीच्या खोट्या सह्या करून कर्ज काढलं म्हणून गेझाला तुरुंगात टाकलं आणि हिला वेड्यांच्या इस्पितळात. सहा वर्षं! बाप राजा, पण लेकीला सोडवायला आला नाही, याचा मला खरंच फार राग येतो.

गेझा मात्र सुटल्यावर तिला विसरला नाही, 1904 मध्ये जर्मनीतल्या बाड एल्स्टर या गावी उपचारासाठी आणलं होतं तिथून त्यानेच तिला पळवलं. नंतर पॅरिसच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाई शहाणी आहे. 1906 ला घटस्फोट, मग बापाच्या इस्टेटीसाठी कोर्टकचेऱ्या. 1923 ला गेझा गेला आणि पुढच्याच वर्षी ती, कफल्लक अवस्थेत, जर्मनीतल्या वीसबाडेनला.