बँडमध्ये एकच गिटार: आवाज भरीव करताना काय उपयोगी पडलं

दुसरा गिटारिस्ट बँड सोडून गेला की उरलेल्याची पहिली धाव पेडलच्या दुकानाकडे असते. आमच्याकडे आता गायक, बेस, ड्रम्स आणि माझी गिटार, एवढंच आहे, कीबोर्ड नाही. या चौघांत आवाज भरताना सगळ्यात मोठा फरक पडला तो बेसमुळे. त्यानंतर अँपच्या नॉबमुळे, मग कॉर्डच्या आकारांमुळे. पेडल बरेच मागून आले. ज्या क्रमाने फरक पडला त्याच क्रमाने लिहितो.

आधी पोकळी कुठे पडते ते बघा. चार तारांच्या बेसच्या सर्वात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झ, गिटारच्या जाड तारेचा ८२. दोन गिटारांच्या बँडमध्ये एक जण लीडसाठी वर गेला तरी दुसऱ्याचे कॉर्ड मधला पट्टा धरून असतात. एकट्या गिटारिस्टने पहिल्या तारेवर बारावा फ्रेट गाठला की तो ६५९ हर्ट्झवर असतो, आणि खाली बेसच्या खर्जापर्यंत कोणीच नसतं. ऐकणाऱ्याला वाटतं गिटार बारीक झाली. खरं तर गिटार तेवढीच असते, तिच्या खालची जमीन गेलेली असते. ही जमीन बेसनेच भरायची.

त्यासाठी बेसला थोडा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, लागतो, पण सरळ गिटारचा पेडल लावला की खर्ज गायब. कारण साधं आहे. हिरव्या ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातले पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा फाटू देत नाहीत. गिटारला ते हवंच असतं, बेस मात्र पातळ होतो. म्हणून मूळ स्वच्छ सिग्नल सोबत मिसळणारा, म्हणजे ब्लेंडचा नॉब असलेला पेडलच घ्यावा. आमचा बेसिस्ट साधारण साठ टक्के स्वच्छ आणि चाळीस टक्के फाटका ठेवतो. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब, घड्याळाच्या दहाच्या काट्यावर, त्याहून वर नाही. अँपवर ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडी उचल. एकटा वाजवला तर हा बेस करकरीत आणि वाईट वाटतो. बेसिस्ट कुरकुर करतो. ड्रम्स आणि गिटार सुरू झाल्यावर तीच करकर गिटारची वाटू लागते आणि तक्रार संपते. मोटरहेडमधून १९९५ मध्ये दुसरा गिटारिस्ट गेल्यावर तो बँड शेवटपर्यंत एकाच गिटारवर चालला. त्यांचा बेसिस्ट लेमी रिकनबॅकर बेस मार्शल अँपमधून, मिड चढवून, कॉर्डसुद्धा धरत वाजवायचा, हे त्यामागचं मोठं कारण. तेवढं टोक गाठायची गरज नाही, दिशा मात्र तीच.

आता गिटारचा अँप. घरी, हळू आवाजात, बेस आणि ट्रेबल चढवून मिड पाडलेला टोन फार सुंदर वाटतो. हळू आवाजात कानाला खालचे-वरचे सूर कमी ऐकू येतात, आपण ते नॉबने भरून काढतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. तोच टोन बँडमध्ये नेला की खालचा भाग किक ड्रम आणि बेस खातात, वरचा झांजा खातात, आणि गिटारकडे उरलेला मिड आपणच पाडलेला असतो. म्हणून नॉब फक्त जॅमरूममध्ये, ड्रमर वाजवत असतानाच लावायचे. माझी सुरुवात बेस ३, मिड ७, ट्रेबल ५ अशी असते. एकटं ऐकलं तर नाकातला वाटेल. वाटू द्या.

गेनबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात, पण एकट्या गिटारला गेन कमी लागतो. जास्त गेनमध्ये आवाज इतका दाबला जातो की हलका आणि जोरदार फटका एकाच उंचीचा होतो. मग मुखडा आला तरी काही उघडत नाही. दुसरी गिटार असेल तर ती त्या जागी येऊन उंची देते. इथे ती उंची आपल्याच हातातून यायला हवी. माझी कसोटी अशी: पाच तारांचा कॉर्ड सावकाश वरून खाली ओढायचा, प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी. येत नसेल तर गेन कमी. अंतऱ्याला गिटारचा व्हॉल्यूम ६ वर, मुखड्याला १० वर. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या भागावर, सिग्नल येतो ती टोकाची पिन आणि मधली पिन यांच्यामध्ये १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडून घ्या. गिटार दुरुस्त करणारा कोणीही हे थोड्या वेळात करून देतो, आणि सामान अगदी स्वस्त.

कॉर्डच्या आकारांवर मात्र वेळ घालवा, कारण इथे सगळं फुकट आहे.

फाटक्या आवाजात दोन सूर एकत्र वाजले की अँप त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर स्वतः तयार करतो. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प, प्रमाण २:३. वजाबाकी १, म्हणजे त्याच सा च्या एक सप्तक खालचा सा. म्हणून दोन बोटांचा कॉर्ड इतका जड वाटतो. तोच उलटा करा, खाली प आणि वर सा: प्रमाण ३:४, वजाबाकी पुन्हा १, या वेळी सा दोन सप्तकं खाली. पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट एका बोटाने दाबा, डी आणि जी. बेसिस्टने जी धरला की हा जोड तीन-चार तारांच्या कॉर्डपेक्षा मोठा ऐकू येतो. बेसिस्ट चुकून डी वर गेला तर मात्र कॉर्डच बदलतो, हे आधी बोलून ठेवा.

आता सा आणि कोमल गंधार घ्या, ई आणि जी. प्रमाण ५:६, वजाबाकीतून निघतो खालचा सी, म्हणजे कोमल धैवत. कोणी न वाजवलेला हा परका सूर खाली घुमत राहतो. मायनर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये चिखल होतो तो यामुळे. शुद्ध गंधाराला वजाबाकी सा वरच येते, पण गिटारचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका फ्रेटच्या अंतराचे शंभर सेंट) चढा असतो, त्यामुळे तो खालचा सा थोडा बेसूर होऊन लाटा मारतो. उपाय: गंधार जाड तारांवरून काढून टाका. हवाच असेल तर पहिल्या-दुसऱ्या तारेवर, कमी गेनमध्ये. नाहीतर तो बेसिस्टला किंवा गायकाला द्या.

मग वरच्या तारा वाजत्या ठेवायची युक्ती. दुसऱ्या आणि पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट, डी आणि जी, अनामिका आणि करंगळीने दाबून ठेवा आणि पूर्ण गाणंभर सोडू नका. खालची बोटं फिरतात. जाड तारेपासून मोजत ई मायनर ०-२-२-०-३-३, सी म्हणजे पाचव्या तारेपासून ३-२-०-३-३, जी ३-२-०-०-३-३, आणि डी चौथ्या तारेपासून ०-२-३-३. चारही कॉर्डमध्ये वरचे दोन सूर तेच राहतात, तंबोऱ्यासारखे. कॉर्ड बदलताना आवाज तुटत नाही, आणि ऐकणाऱ्याला मागे आणखी एक वाद्य असल्याचा भास होतो. रश बँडमधला ॲलेक्स लाइफसन एकटाच गिटारिस्ट असून इतका मोठा वाटतो त्याचं एक कारण हेच: मोकळ्या तारा वाजत ठेवणारे कॉर्ड. गायकाची पट्टी काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून हेच जी पट्टीचे आकार धरा, मोकळ्या तारा कायम राहतात. एका बोटाने सगळ्या तारा दाबणाऱ्या बॅरे कॉर्डने तेच गाणं वाजवून बघा, लगेच फरक कळेल. हे आकार स्वच्छ किंवा हलक्या फाटक्या आवाजाचे आहेत. गेन चढवला तर वर सांगितलेला चिखल इथेही होतो.

सोलो हा एकट्या गिटारचा खरा कसोटीचा भाग. रिदम थांबते आणि बँडचा अर्धा आवाज खाली येतो. तिघांनी मिळून तीन गोष्टी करायच्या. ड्रमरने बंद हाय-हॅटवरून राइडवर किंवा अर्ध्या उघड्या हाय-हॅटवर जायचं. झांजांची शेपटी लांब झाली की रिकामी जागा भरते. बेसिस्टने फाटका पेडल इथे चालू करायचा, किंवा आधीपासून असेल तर दहावा सूर धरायचा: जाड तारेवर मूळ सूर, आणि पातळ तारेवर मेजरसाठी एक फ्रेट पुढे, मायनरसाठी त्याच फ्रेटवर. सातव्या फ्रेटच्या वर हा जोड स्वच्छ वाजतो, तिसऱ्या फ्रेटखाली गडगडतो. आणि गिटारने सोलोची सुरुवात वर न करता चौथ्या-तिसऱ्या तारेवर, पाचव्या ते नवव्या फ्रेटमध्ये करायची. ई मायनरमध्ये तिसऱ्या तारेवर चाल वाजवताना वरच्या दोन्ही तारा मोकळ्या वाजू द्या. सप्तकाच्या अंतराने, म्हणजे ऑक्टेव्हमध्ये वाजवलेली साधी चालही एका तारेवरच्या वेगवान धावपळीपेक्षा जास्त जागा भरते. वेग दाखवायचाच असेल तर सोलोच्या शेवटच्या दोन ओळींत.

बूस्ट, म्हणजे सोलोसाठी सिग्नल वाढवणारा पेडल, कुठे लावायचा यावर बरेच जण अडतात. फाटक्या अँपच्या पुढे बूस्ट लावला तर आवाज मोठा होत नाही, फक्त अजून फाटतो. मोठा आवाज हवा तर तो अँपच्या मागच्या इफेक्ट लूपच्या जॅकमध्ये, डिस्टॉर्शनच्या नंतर. ४ ते ५ डेसिबल पुरे. लूप नसलेल्या अँपवर डिस्टॉर्शन पेडलमधून घ्या, अँप स्वच्छ ठेवा आणि बूस्ट त्या पेडलनंतर.

डीले, म्हणजे वाजवलेला आवाज थोड्या वेळाने पुन्हा देणारा पेडल. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटातल्या मात्रांनी, भागा, एक मात्रा किती मिलिसेकंदाची ते येतं, त्याला ०.७५ ने गुणा. १२० ला ३७५, १०० ला ४५०. मात्रेला दोन असे सरळ फटके वाजवले की डीले मधल्या मोकळ्या जागांत पडतो आणि एक हात दोन हातांचं काम करतो. यू-टू बँडचा गिटारिस्ट एज यावरच उभा आहे. दोन-तीन पुनरावृत्त्या, मूळ आवाजाच्या निम्म्याहून कमी पातळीवर. ड्रमर क्लिकवर, म्हणजे कानातल्या ठरलेल्या ठोक्यावर, वाजवत नसेल तर लय पायाने ठोकून देणारं टॅपचं बटण पायाखाली हवंच, कारण मुखड्यात सगळेच धावतात आणि ठरलेला ३७५ उपरा वाटू लागतो. वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारा लूपर मी स्टेजवर वापरत नाही, त्याच कारणाने: लूप धावत नाही, ड्रमर धावतो. खालच्या सप्तकाचा ऑक्टेव्ह पेडलही बेसिस्ट वाजवत असताना बंद. दोन खर्ज एकमेकांना खातात.

दोन अँप लावायचे असतील तर दोन गोष्टी तपासा. जाड तार मोकळी वाजवा, आधी एका अँपवर, मग दोन्हींवर. दोन्हींवर आवाज पातळ झाला तर स्पीकर उलट्या फेजमध्ये आहेत. एकाच्या स्पीकरच्या तारा अदलाबदल करा किंवा फेज उलटणारा स्प्लिटर वापरा. घूं असा आवाज आला तर तो अर्थिंगचा लूप आहे, त्याला आतमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर लागतो. प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला मांडवात कोणी ना कोणी देतोच. जनरेटरवर चाललेल्या कार्यक्रमात हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की करंट बसतो, जीवही जाऊ शकतो. पिन काढायची नाही.

दुसऱ्या अँपला १५ ते २५ मिलिसेकंद उशिरा आवाज देऊन डबल ट्रॅकचा भास करता येतो, पण फक्त स्टेजवर किंवा खऱ्या स्टीरिओ सिस्टिमवर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठीची स्पीकरची यंत्रणा, मोनो असतो. तिथे २० मिलिसेकंदांचा डीले मूळ आवाजात मिसळला की २५, ७५, १२५ हर्ट्झ असे दर ५० हर्ट्झवर खड्डे पडतात आणि गिटार डब्यातली वाटते. साउंडचेकला पहिला प्रश्न हाच: पीए मोनो आहे का? असेल तर कोरड्या, म्हणजे डीले नसलेल्या, अँपलाच माइक. रोलँडचा जेसी-१२० अँप मिळाला तर लक्षात ठेवा, त्याचा कोरस दोन स्पीकरमध्ये वाटलेला असतो, एकात मूळ आवाज, दुसऱ्यात हललेला. कोरस वाजवायचा आणि माइक एकच, तर तो पीएमध्ये पोहोचतच नाही. दोन माइक लावा नाहीतर कोरस पेडलमधून घ्या.

एसएम-५७ माइक स्पीकरच्या जाळीजवळ, मधल्या गोल टोपीच्या कडेवर. मध्यभागी ठेवला तर कानाला टोचतो, कडेकडे नेला तर मंद होतो. अर्ध्या इंचाने फरक पडतो, म्हणून टोन बदलायच्या आधी माइक हलवून बघा. अँप जमिनीवर न ठेवता खुर्चीवर. जमिनीवर असला की तुमच्या पिंढऱ्यांना ट्रेबल मिळतो आणि कानाला नाही, मग तुम्ही तो वाढवता आणि पहिल्या रांगेला त्रास. साउंडवाल्याला एवढंच सांगतो: गिटारला ९० ते १०० हर्ट्झवर लो-कट (त्याखालचा आवाज कापणं), वरून रिव्हर्ब नको, आणि सोलोला फेडर हलवू नका, बूस्ट माझ्या पायाखाली आहे.