लसूण आणि चाई

"लसूण चोळ गो बाय, किडो मरतलो!" म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणारी मावशी भाचीच्या डोक्यावरचा रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा बघून म्हणाली. भाचीने ओढणी डोक्यावर घेतली.

असे गोल चट्ट्यात केस जाणं म्हणजे चाई. चाईत किडा नसतो हो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. मुळं मरत नाहीत, म्हणून बऱ्याचदा केस आपोआपही परततात. (लसणाला फुकटचं श्रेय मिळतं ते इथेच!)

छोट्या चट्ट्यात त्वचेचे डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. खूप पसरलं तर मोठ्यांसाठी बॅरिसिटिनिबच्या गोळ्या. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण रक्त तपासत राहावं लागतं, आणि गोळ्या थांबवल्या की केस पुन्हा जाऊ शकतात.

पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. तिथे भेटणाऱ्या सगळ्या वैद्यांना भाचीने काय सांगावं?